द्रिनेच्या दोन काठांमधली नाव

मित्रांनो, मी ओकाच्या फळ्यांची एक जुनी नाव आहे. द्रिना नदीच्या सर्बियाकडच्या काठावर मोडून पडले आहे. मला मिलिसाव नावाड्याने घडवले. मी माणसे, मेंढ्या, आलुबुखारे असे सारे पैलतीरी नेत असे. पैलतीर बोस्नियाचा. तिथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचे राज्य होते आणि मिलिसावची थोरली बहीण स्तामेना तिथेच दिली होती. लोक माझे कौतुक करत आणि मी फुलून जाई.

एकोणीसशे चौदा सालच्या उन्हाळ्यात बोस्नियातल्या सारायेवोला बादशहाचा वारस मारला गेला. मारणारा सर्ब होता. स्तामेनाचा नवरा ओस्तोया माझ्यात बसून म्हणाला, "मेव्हण्या, तुमचा राजा कुणाच्या जिवावर उड्या मारतोय रे?"

"रशियाच्या. रशियामागं फ्रान्स आहे, दाजी. तुमच्या म्हाताऱ्या बादशहाचं काय?"

"त्याला जर्मनीची फूस. एकानं हात उचलला की सगळेच तुटून पडणार बघ!"

"आमची पोरं म्हणतात, सगळे सर्ब एका झेंड्याखाली पाहिजेत."

"हळू बोल! आमच्या चौकीच्या जमादाराला बादशहाशिवाय दुसरं नाव खपत नाही."

थोड्याच दिवसांत त्या जमादाराने, लोरेंट्सने, ओस्तोयाला फासावर चढवले. मेव्हणा सर्बियात, एवढाच त्याचा गुन्हा.

मिलिसाव रडला नाही. मग युद्ध पेटले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने नदी ओलांडायला पैलतीरी अडकलेल्या आम्हा दोघांना धरले. लोरेंट्स शिपायांसह माझ्यात बसला. भर धारेत मिलिसावने माझ्या तळाच्या फटीतल्या डांबरी चिंध्या उपसल्या. मीही फळ्या आवळून धरल्या नाहीत. पाणी आत येऊ दिले.

"अरे, पाणी!" जमादार ओरडला.

"ओस्तोयाला सांगा, मेव्हण्यानं पाठवलंय," मिलिसाव म्हणाला आणि त्याने उडी टाकली.

लोरेंट्स बुडाला. कोवळे शिपाईही बुडाले. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. धारेने मला मोडून सर्बियाच्या काठावर फेकले; मिलिसाव पोहत तिथेच आला. सैन्याने चिडून नावाड्याच्या बहिणीचे, स्तामेनाचे गाव पेटवले.

सैन्य मागे हटल्यावर ती इकडे आली. मिलिसाव म्हणाला, "ताई, दाजींचा सूड घेतला मी."

"तुझं काळीज निवलं," ती म्हणाली. "माझी सासू घरात होती रे."

ती पुन्हा त्याच्याशी बोलली नाही.

मित्रांनो, तुमच्या नदीवरच्या नावेला डांबर लावा, दोन्ही काठांची माणसे तिच्यात बसू द्या. मला मात्र दुरुस्त करू नका. लोरेंट्स बुडताना उठलेला बुडबुडा आठवला की मला अजून बरे वाटते. दुरुस्त केलेत आणि पैलतीरी पुन्हा सैन्य दिसले, तर मी पुन्हा बुडेन.