अन्नपूर्णाबाईचं सुवाच्य अक्षर

अन्नपूर्णाबाई साक्षर झाली हे तिच्याही आधी अख्ख्या गावाला कळलं. प्रौढ साक्षरता वर्गाच्या मार्चच्या परीक्षेत ती नुसती पास नव्हती झाली, पहिली आली होती. उत्तमराव गुरुजींनी तिची वही साऱ्या वर्गात फिरवली. "पाहा, याले म्हनतात सुवाच्य अक्षर!" बासष्ट वर्षांची बाई, कापूस वेचून चिरलेली बोटं, आणि ओळ कशी, तर दोरी धरल्यासारखी सरळ.

तिला लिहायला शिकायचं होतं ते काही टाळ्यांसाठी नाही. चार वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेक संजीवनी सासरच्या विहिरीत सापडली. चौकीत कोणीतरी भराभर कागद लिहिला, हिचा अंगठा शाईत बुडवला आणि त्यावर दाबला. झालं बाई, जा आता. वर्षभरानं उडत उडत कानावर आलं, की आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, असं त्या कागदात आहे. खरं की खोटं, कोण सांगणार? त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. जीव गेला तरी बेहत्तर, पण काय लिहिलंय ते कळल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. आणि तो कागद एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा.

गावात प्रौढांचा वर्ग सुरू झाला तेव्हा तो मलिहाकडे होता. नौशाद टेलरची ही पोरगी खामगावला शिकून आलेली. तिची रीत निराळी. बाईनं आधी बोलायचं, मलिहानं तेच फळ्यावर लिहायचं, आणि त्यातला एक शब्द बाईनं उचलायचा. कोणी म्हणे, माही शेळी आटली. मग दिवसभर शेळीच. पाच महिन्यांत बायकांच्या पदरात पडले पन्नासेक शब्द, तेही वेडेवाकडे. पण वरच्या साहेबांना शब्द नको होते, परीक्षा पास झालेल्या बायका हव्या होत्या. जानेवारीत वर्ग मलिहाकडून काढला आणि निवृत्त मुख्याध्यापक उत्तमराव गुरुजींकडे दिला.

गुरुजी फळ्यावर दहा ओळी लिहीत आणि बायका त्या उतरवून घेत. आज त्याच, उद्या त्याच. आणि इथे अन्नपूर्णाबाई भुलली, हे ती स्वतःच कबूल करते. मलिहाकडे पाच महिन्यांत विळा नि भाकर, इथे आठ दिवसांत पानच्या पान भरलेलं! त्या ओळींत तिच्या ओळखीचा एकही शब्द नव्हता. विचारलं तर गुरुजी म्हणत, "आधी हात वळू द्या बाई, अर्थ मागून येते." अर्थ काही आला नाही. परीक्षा आली, आणि परीक्षेत त्याच दहा ओळी आल्या.

एप्रिलमध्ये मलिहा शिवलेलं पोलकं द्यायला आली. अन्नपूर्णाबाईनं मोठ्या ऐटीत वही पुढे केली. "वाच तं खरं, काय लिहिलं म्या."

मलिहा वाचू लागली. "माझे कुटुंब. माझे कुटुंब लहान व सुखी आहे. आम्ही सर्वजण आनंदाने राहतो." मग ती थांबली.

"वाच ना."

"राहू द्या, काकू."

"वाच म्हनलं ना!"

"माझी मुलगी सासरी सुखात आहे."

अन्नपूर्णाबाईनं वही ओढून घेतली आणि पानं उलटली. "इथं काय हाये?"

"तेच."

"अन् इथं?"

"तेच, काकू. सगळ्या पानांवर तेच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग गुरुजींचा तर आलाच, पण त्याआधी स्वतःचा आला. अंगठा निदान दुसऱ्यानं धरून दाबला होता. हे मात्र तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ओळ वाकडी होऊ नये म्हणून श्वास रोखून.

गुरुजी ओट्यावर चहा पीत बसले होते. ही तशीच उन्हात चालत गेली, मागून मलिहा.

"गुरुजी, मले नापास करा."

गुरुजी हसले. "पास झालेल्याले नापास कसं करतात, बाई? प्रमाणपत्र छापून येऊन राह्यलं तुमचं."

"माही पोरगी सासरी सुखात हाये काय? तुम्ही तिच्या मातीले आलते!"

गुरुजींनी कप खाली ठेवला. चेहरा उतरला, नाही असं नाही. पण चाळीस वर्षांची मास्तरकी एवढ्यात हार मानते काय! "बाई, तो निबंध हाये. चाळीस वर्षं तोच शिकवला मी. निबंधात कोनी खरं लिहिते काय?"

"तुम्ही यायले लिहाले नाही शिकवलं, गुरुजी," मलिहा म्हणाली. "चित्र काढाले शिकवलं."

"अन् तू काय शिकवलं? शेळी अन् विळा? तुह्या हातून एक तरी बाई पास झाली असती काय? माह्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पास हायेत!"

यात खोटं काहीच नव्हतं, हे मलिहालाही ठाऊक होतं. गुरुजी जरा नरमले. "घाबरू नका, बाई. ते पेपर कोनी वाचत नाही."

"कोनी वाचत नाही तं लिहून काऊन घेतलं बे?"

गुरुजींना असं पोरासोरासारखं 'बे' म्हणणारी बाई त्या गावात तोवर जन्मली नव्हती. शेजारच्या ओट्यावरची माणसं उठून घरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून अन्नपूर्णाबाई नौशादच्या मशीनजवळ पाटी घेऊन बसू लागली. उतरवून घेणं बंद. "मी बोलतो, तू दाखव," ती म्हणायची. अख्खा उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. अक्षर पार बिघडलं. सरळ ओळ घसरून कोपऱ्यात जाऊन पडायची. चिडून तिनं दोनदा पाटी भिरकावली आणि दोनदा स्वतःच उचलून आणली. मलिहानं तिला एकदाही शाबासकी दिली नाही. चुकलं तर फक्त विचारायची, "काकू, हेच म्हनाचं होतं काय तुमाले?"

श्रावणात दोघी एसटीनं चौकीत गेल्या. अन्नपूर्णाबाईनं आपल्या हातानं लिहिलेला अर्ज टेबलावर ठेवला. तिथल्या माणसानं कागद उभा धरला, आडवा धरला.

"कोनं लिहिलं हे? अक्षरच लागत नाही. बाहेर अर्ज लिहिनारा बसते. त्याच्याकडून नीट लिहून आना, अंगठा लावा अन् द्या."

अंगठा शब्द ऐकताच ती टेबलाला जाऊन भिडली. मलिहा पुढे होत होती, तिला हातानंच मागे सारलं. "लागत नसन तं मी वाचून दाखवतो," असं म्हणून तिनं कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचला.

"माही पोरगी संजीवनी तुमच्या हद्दीत मेली. तुम्ही कागदावर माहा अंगठा घेतला. कागदात काय होतं ते मले सांगितलं नाही. तो कागद मले द्या. मी वाचनार हाये."

बाकावरची माणसं वळून पाहू लागली. आतल्या खोलीतून कोणीतरी डोकावलं.

"ठेवा," टेबलावरचा माणूस म्हणाला. "पाहू."

"पाहू नाही. शिक्का मारा अन् पोच द्या."

त्यानं शिक्का मारला, नको तेवढ्या जोरात. मग रजिस्टर उघडून त्यात भराभर चार ओळी खरडल्या आणि ते तिच्याकडे फिरवून पेन पुढे केलं. "करा इथं सही. चला, मागं मानसं उभी हायेत."

अन्नपूर्णाबाईनं पेन घेतलं आणि बाजूला ठेवलं. रजिस्टर दोन्ही हातांनी जवळ ओढलं.

"राहू द्या उभी," ती म्हणाली, आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवून वाचू लागली.