पेटीच्या वाट्याची पायली

हे मी सांगायचं नव्हतं. माझ्यातून कुणाचा निरोप कुठं गेला, हे बाहेर न बोलणं हाच माझा धर्म. निरोप मी आजही सांगणार नाही. पण सुंदरीअक्काच्या कूपनाची गोष्ट आता साऱ्या गावाला ठाऊक आहे, तेव्हा तेवढी सांगायला हरकत नसावी.

मी ग्रामपंचायतीची वाय-फायची पेटी बोलतेय. जोयड्याहून अणशीकडे जाणाऱ्या रस्त्याला, पंचायत कचेरीच्या छपरावर मला लोखंडी खांबाला बांधलं आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिल्यांदा जाग आली तेव्हा समोर जंगल होतं आणि एक माकड माझी वायर चावून बघत होतं. त्याला चव आवडली नाही, म्हणून मी वाचले.

कचेरीचे सेक्रेटरी प्रवीणसर यांनी मला आणलं. माझा हिशोब सोपा होता. दहा रुपयांचं कूपन घ्यायचं, एक फोन दिवसभर चालवायचा. त्या पैशांतून इंटरनेटचं महिन्याचं बिल भागवायचं. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनला मात्र सगळं फुकट. पूर्वी अंगठा देण्यासाठी लोक जीपमध्ये बसून जोयड्याला जात आणि एका दिवसाची मजुरी बुडे.

माणसं येऊ लागली. फोनवर बोलताना ती मान वर करून माझ्याकडे बघतात, जणू पलीकडचा माणूस छपरावरच बसला आहे. गोव्यात कामाला गेलेल्या नवऱ्याशी बोलताना सुंदरीअक्का तर पदरही सावरते.

सुंदरीअक्का वरच्या वाड्यावरची. तिथं नऊ घरं. दर मंगळवारी ती सगळ्यांचे फोन पिशवीत घालून खाली आणायची, एकच कूपन घ्यायची आणि आपल्या फोनवरून बाकीचे आठ जोडायची. नियमानं ते चूक होतं. मी गप्प राहिले. हळूहळू सगळे वाडे तसंच करू लागले. यात कुणाला लबाडी वाटत नव्हती. इथं शिडी साऱ्या वाड्यात एक, लग्नाचं मोठं पातेलं एक. मग कूपन तरी नऊ कशाला?

कागदावर मात्र मी रिकामी दिसत होते. सहा महिन्यांनी ग्रामसभेत प्रवीणसरांनी आकडे वाचले. बिलाचा चौथा हिस्साही निघत नव्हता. गावाला पेटीची गरज दिसत नाही, पुढच्या महिन्यापासून बंद करू, असं ते म्हणाले.

सगळे जमिनीकडे बघू लागले. खरं सांगितलं तर नियम मोडल्याचं कबूल करावं लागणार. नाही सांगितलं तर पुन्हा अंगठ्यासाठी जीप.

सुंदरीअक्का उठली. “सर, कूपन एक हुतं. वापरलं नऊ घरांनी.”

“मग नऊ घ्यायची होती, अक्का.”

“लखू लोहाराला आमी दर कोयत्याला पैशे देतो व्हय? सुगीला घरटी पायलीभर भात देतो, मग वरीसभर धार त्याची. कोण एक कोयता आणतंय, कोण चार. त्यो मोजत न्हाई. ह्या पेटीलाच तेवढं मोजून कशाला?”

मागून लखू म्हणाला, “म्हंजे पेटी माझी भावकी झाली. पर माझ्या पायलीत तिला वाटा न्हाई.”

सभा हसली. सर हसले नाहीत. भातानं बिल कसं भरू, असं त्यांनी विचारलं. बायकांचा संघ भात विकून पैसे पंचायतीत भरेल, असं सुंदरीअक्कानं सांगितलं. सरांनी आकड्यांच्या कागदाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. गावात त्रेसष्ट घरं. तरी थोडं कमीच पडत होतं. गणेशगुडीहून अणशीला जाणारे पाहुणे इथं चहाला थांबतात, त्यांच्यासाठी कूपन तसंच ठेवलं, तेव्हा मेळ बसला. अगदी काठोकाठ. एक जरी पायली कमी आली तरी पेटी उतरवणार, असं सरांनी बजावलं.

यंदाच्या सुगीला कचेरीच्या व्हरांड्यात पिंप ठेवलं. पायल्या येत गेल्या आणि मी वरून मोजत राहिले. बासष्ट. एका घराला कुलूप होतं, ती माणसं गोव्याला गेली होती.

शेवटच्या दिवशी लखू पिंपाजवळ बसला होता. प्रवीणसर मागच्या खोलीतून आले. ते तिथंच भाड्यानं राहतात, त्यांना शेत नाही. त्यांच्या हातात विकत घेतलेलं पायलीभर भात होतं. त्यांनी ते पिंपात ओतलं.

लखू म्हणाला, “आता तुमचं बी घर गावात धरलं, सर.”

तर मी अजून इथंच आहे. माझ्या एका कोपऱ्याला गंज आलाय, आत मुंग्यांनी बिऱ्हाड केलंय, पण माझं काम चोख चालतं. पुढच्या सुगीलाही चालेल, याची मला खात्री आहे. माझं एकच मागणं आहे. पावसाळ्यात वीज गेली की माझं बटण बंद करा, आणि वीज परत आली की…

थांबा, रेशन दुकानातून हाक आली. पारूमावशीनं मशीनवर अंगठा ठेवलाय, तिचा अंगठा पहिल्या खेपेला कधीच लागत नाही, त्यामुळे मला आधी तिकडं…