मामासच्या भिंतीवरची बाई

ग्रीसमधल्या नाक्सोस बेटाच्या डोंगरातल्या त्या एवढ्याशा जुन्या चर्चची किल्ली स्टमाताच्या घरात असे. सासूच्या मागे तीच तिथे दिवा लावायची आणि भिंतीवरच्या धुरकट आकृतीशी बोलायची. गाव तिला संत मामास म्हणे. मामास धनगरांचा संत, हातात कोकरू धरलेला. त्याच्याच कृपेने उशिरा मुलगा झाला, म्हणून मुलाचं नावही मामास. आज अथेन्सला त्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. स्टमाता नवसाचा पत्रा घेऊन आली होती, काळजाचा ठसा उठवलेला.

दारातच तिचे पाय थबकले. भिंतीवर मामासच्या जागी एक बाई उभी होती. डोकं झाकलेलं, डोळे मोठे, हातात काहीतरी इवलंसं.

चित्रं साफ करायला अथेन्सहून आलेली दनाई परांचीवर बसून कापसाने उरलीसुरली काजळी टिपत होती. ही संत अनास्तासिया, ती म्हणाली, विष उतरवणारी. शेजारी नावही लिहिलंय. मामास या भिंतीवर कधी नव्हताच.

"अगं, पण त्याचं कोकरू?"

"औषधाची कुपी आहे ती, आजी. दिव्याच्या धुराने काळी पडली होती."

दिवा कुणाचा, हे काही विचारायला नको होतं. धनगरांचं गाव, त्यांना डागातही कोकरूच दिसणार. पण आता करायचं काय? इतकी वर्षं तिने एका बाईला बाप्या समजून गाऱ्हाणी सांगितली होती. पुरुषासमोर कसं बोलायचं म्हणून निम्मी पोटातच ठेवली होती. मग मुलगा दिला कोणी? खरा मामास तिच्या हाकेची वाट बघत दुसरीकडेच कुठे बसला होता का? तिला भीती वाटत होती, आणि ती भीती सांगायची कोणाला तेही कळेना.

ती तरातरा पापा-याकूमिसकडे गेली. गावचे हे पाद्री परसात घेवड्याला काठ्या लावत होते. सगळं ऐकून ते पोट धरून हसले.

"स्टमाता, संत म्हणजे काय तुझ्या नणंदा आहेत, मानपान धरून बसायला?"

"हसा तुम्ही. आज मी हाक कोणाला मारू, तेवढं सांगा."

पापा पुष्कळ बोलले. तेवढं मात्र सांगितलं नाही. गेली होती त्याहून जास्त गोंधळून ती परत आली. दनाई जेवायला गेली होती. स्टमाताने दिव्यात तेल घातलं, धूर नको म्हणून वात बारीक केली आणि हाक मारायला हात जोडले. तोंडातून नावच निघेना.

तेवढ्यात फोन वाजला. मामासचा होता, आवाज खोल गेलेला. आता आत नेतायत, म्हणाला.

"आई, दिवा लावलास ना माझ्या मामासपाशी? डोळे मिटले की तोच दिसतो. कोकरू धरलेला."

स्टमाताने वर पाहिलं. ती बाई तिच्याकडेच बघत होती.

"लावला रे राजा. इथंच आहे तो. जा तू, घाबरू नको."

फोन बंद झाला. तिने पत्रा खिळ्याला अडकवला आणि प्रथमच बाईने बाईशी बोलावं तशी बोलली.

"बाई गं, आजचा दिवस ते कोकरू घे हातात."