कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला

विल्मा ड्रेस्कॉटला लोक दुकानात, बसमध्ये थांबवून विचारायचे, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. ओमाहाच्या शाळेत शिकवायला होतात का?" ती हो म्हणून मोकळी व्हायची. खरं सांगून काही फायदा नव्हता. खरं हे की ती वीस वर्षं सिनेमात काम करत होती. नर्स, घरमालकीण, टेलिफोनच्या खोलीतली बाई, "डॉक्टर आत आहेत" म्हणून दार उघडणारी बाई. आता टेलिव्हिजन आल्यावर साबणाच्या वडीकडं बघून हसणारी शेजारीण. नायिकेवर आभाळ कोसळलं की तिच्या खांद्यावर जो हात येतो, तो विल्माचा. हात तेवढा दिसायचा. पडदाभर तिचा एकटीचा चेहरा, एक धड क्लोज-अप, वीस वर्षांत एकदाही आला नव्हता.

आणि आता येणार होता.

सिनेमा कान्ससमधल्या एका शेतावरचा. नायिका कॉरिन वेल. तिचा नवरा नदीत बुडून मेलेला. विल्मा तिची सासू. शेवटाकडं एक प्रसंग होता, सासू सुनेला सांगते की तो बुडताना मी काठावरच होते. सगळं बघत होते. मला पोहता येत नव्हतं. "माझ्या हातात ओले कपडे होते. ते मी खाली ठेवले नाहीत. तो दिसेनासा झाला तरी ठेवले नाहीत." दोन पानांचं बोलणं. सुनेनं फक्त ऐकायचं. ज्यानं लिहिलं त्याला बहुतेक कुणी सांगितलं नव्हतं की असली वाक्यं दुय्यम बायकांना द्यायची नसतात.

"तुझा क्लोज-अप घेणार," दिग्दर्शक रॉय हॅस्लम तिला म्हणाला होता. "घ्यावाच लागेल. बोलतेस तू."

विल्मा आणि बर्निस पॉल्क एका घरात भाड्यानं राहायच्या, हॉलिवूडच्या मागच्या चढावर, दोन खोल्यांत. बर्निस सत्तरीला आली होती. मूकपटांपासून या धंद्यात. हल्ली तिला प्रेतयात्रेतली म्हातारी म्हणून बोलवायचे आणि ती म्हणायची, सवय करून घेते आहे. आदल्या संध्याकाळी ती बटाटे सोलत होती आणि विल्मा तिच्यापुढं वाक्यं म्हणत होती.

"पुरे," बर्निस म्हणाली. "माझ्यावर कशाला उधळतेस? आता ऐक. आधी त्या कॉरिनचा क्लोज-अप घेतील. तू कॅमेऱ्याच्या बाजूला उभी असशील, कुणाला दिसणार नाहीस. तिथं नुसते शब्द टाकायचे. भाजीवाल्याशी बोलतेस तसे. माल घरी ठेवायचा."

"मला माहीत आहे गं."

"माहीत सगळ्यांनाच असतं, बये. मी एकदा एका हिरोसाठी बाजूला उभी राहून अशी रडले की त्याला रडू आलं. माझी पाळी आली तोवर मी वाळलेली सुकट. तो सिनेमा त्याच्या नावावर, आणि माझ्या नावावर सर्दी."

"मी नाही देणार," विल्मा म्हणाली. "शपथ."

तिच्याकडं माल होता, आणि तो एकदाच निघणारा होता. तिची आई आयोवात मेली तेव्हा विल्मा स्टुडिओत नर्सचा पोशाख घालून हातात ट्रे धरून उभी होती. निरोप आला. सहायकानं विचारलं, जायचंय का. जायचं तर दुसरी नर्स आणावी लागेल. विल्मानं ट्रे खाली ठेवला नाही. दारातून आत आली, "औषधाची वेळ झाली" म्हणाली, बाहेर गेली. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, बर्निसलाही नाही. जपून ठेवलं होतं. तुम्हाला हे घाण वाटेल. वाटू दे. मेलेल्या आईचं काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. नटाला तेवढीच पुंजी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींचा एकत्र शॉट झाला. लांबून. स्वयंपाकघर, टेबल, खिडकी. विल्मानं मोजून मापून केलं. मग दिवे हलले आणि कॉरिनच्या चेहऱ्यावर आले. नेहमीचीच रीत, आधी नायिका. ताजी असते तोवर तिला टिपायचं. बाकीच्यांचं ताजेपण गेलं तर जातं.

विल्मा कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, लेन्सच्या अगदी लगत उभी राहिली. भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलली. कॉरिनचे डोळे कोरडेच राहिले. पुन्हा घेतलं. कोरडेच. मेकअपवाल्या सॉलनं तिच्या डोळ्यांत थेंब घातले. मग पाणी आलं, पण चेहरा होता तसाच, कुणी नळ सोडून गेल्यासारखा.

जेवणाची सुट्टी झाली. पुन्हा दिवे लागले. पुन्हा कोरडं.

"मला काही येतच नाही आज," कॉरिन म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. बिचारी सव्वीस वर्षांची. खरंच घाबरली होती. "मला बदला. दुसरी कुणी आणा."

"कुणी काही बदलत नाही, राणी," हॅस्लम म्हणाला. तिच्या गालाला हात लावला आणि विल्माकडं आला. तिला कोपराला धरून सेटच्या भिंतीमागं नेलं. आवाज एकदम मऊ.

"विल्मा, तू तिला उपाशी ठेवते आहेस."

"मी वाक्यं बरोबर देते आहे."

"वाक्यं काय, माझी स्क्रिप्ट गर्लपण देईल. काल तालमीत तुझ्या डोळ्यांत मी पाहिलंय. ते दे तिला."

"ते माझ्या क्लोज-अपसाठी आहे, रॉय."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. "अगं, तू जुनं खोड आहेस. तुला काय, शंभरदा काढशील. तिचं नाही झालं तर हा प्रसंगच मला कापावा लागेल. मग कसला तुझा क्लोज-अप?"

ती बाहेर आली. सगळे बघत होते. वर छताखालच्या फळ्यांवर बसलेले दिवेवाले, ट्रॉली ढकलणारे, केस नीट करणारी पोरगी. उशीर होत होता आणि उशीर कुणामुळं होतोय हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. तिच्यामुळं. लाखांची बाई उभी आहे, रडायला तयार आहे, आणि ही अंबाड्याची म्हातारी तिला रडू देत नाही. विल्माचं वय सेहेचाळीस होतं. अंबाडा खोटा होता.

नाही म्हणायचं होतं तिला. शब्द जिभेवर होता. पण बाई, नाही म्हणायला मागं काहीतरी लागतं. घर, नाव, नवरा, निदान राग तरी. वीस वर्षं दार उघडून "आत आहेत" म्हणणाऱ्या बाईजवळ रागसुद्धा उरत नाही, तो दुसऱ्यांच्या वाक्यांत जातो.

कॅमेरा चालू झाला. विल्मानं कॉरिनकडं पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या हातात ओले कपडे होते."

पुढं काय झालं ते तिला नंतर नीट आठवेना. आवाज आपलाच होता पण खोल कुठूनतरी येत होता. ट्रे दिसत होता. औषधाची बाटली दिसत होती. समोर कॉरिनचा चेहरा आधी नुसता ताठ झाला, मग हनुवटी थरथरली, मग तो सगळा फुटला, आणि कॅमेरा तो चेहरा पीत राहिला. संपल्यावर कुणी हललं नाही. वरचा एक दिवेवाला बाहीनं नाक पुसत होता.

"छाप," हॅस्लम हळूच म्हणाला, म्हणजे शॉट पसंत. त्यानं जाऊन कॉरिनच्या कपाळाचा मुका घेतला.

कॉरिन धावत येऊन विल्माच्या गळ्यात पडली. "तू नसतीस ना, तर मी मेले असते आज. खरं सांगते." तिचे अश्रू विल्माच्या मानेवर लागले. मग तिनं घड्याळ पाहिलं. "अगं बाई, सहा. मला सहाला सोडायचं ठरलंय ना, रॉय?"

"जा तू, राणी. दमलीस."

ती गेली. तिला दुष्ट म्हणावं तर तेवढी तसदीही तिनं घेतली नव्हती. करारात सहा लिहिलं होतं, ती सहाला गेली. विल्माच्या समोर उभं राहून ऐकायला कुणीतरी लागेल, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. यायला कशाला हवं?

दिवे उलटे फिरवायला तासभर गेला. मग विल्मा टेबलाशी बसली. वीस वर्षांत पहिल्यांदा सगळे दिवे तिच्या तोंडावर होते, आणि ते इतके गरम असतात हे तिला ठाऊक नव्हतं. कॉरिन जिथं असायची तिथं एका काठीला पांढरी चिकटपट्टी लावलेली. नजर तिथं ठेवायची. स्क्रिप्ट गर्ल एडना बाजूला स्टुलावर, पेन्सिल कानावर, सुनेचं एकच वाक्य तिनं वाचलं, "तुम्ही कुठे होतात तेव्हा." किराणा सांगावा तसं.

विल्मानं आत हात घातला. आत काही नव्हतं.

तिनं ट्रे आठवला. नुसता ट्रे आठवला, पत्र्याचा. आई आठवली, आणि आईचं बोट धरून कुणी दुसरीच बाई रडून गेली होती. ती वाक्यं बोलली. बरोबर बोलली. पुन्हा घेतलं. पुन्हा बरोबर.

"छान," हॅस्लम म्हणाला. "छान, छान."

त्या गावात चांगल्या कामाला कुणी छान म्हणत नाही. चांगलं झालं की गप्प बसतात.

"आणखी एकदा घेऊ या," विल्मा म्हणाली. "रॉय, मला थोडा वेळ दे. उद्या सकाळी घेऊ. ती असताना."

"उद्या तिचं बाहेर घोड्यावरचं काम आहे. आणि सेटची ही भिंत उद्या पाडायची आहे." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुष्कळ झालं. माझ्याकडं आहे सगळं."

घरी बर्निसनं विचारलं, "ठेवलास ना माल?"

"ठेवला."

बर्निस तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जेव. बटाटे आहेत."

सिनेमा लागेपर्यंत हिवाळा आला. दुय्यमांना पहिल्या खेळाला बोलवायची पद्धत नव्हती. दोघी ग्लेन्डेलच्या थेटरात तिकीट काढून बसल्या, दुपारच्या खेळाला. विल्माला अजून आशा होती, ही गोष्ट तिनं बर्निसपासूनही लपवली. आपल्याला वाटतं तेवढं वाईट नसेल झालं. पडद्यावर कधीकधी निघतं. दिवे होते चांगले.

तो प्रसंग आला. स्वयंपाकघर, टेबल, खिडकी. विल्माचा अंबाडा, पाठीमागून. आणि मग कॉरिन. पडदाभर कॉरिन, आणि तिच्यावर विल्माचा आवाज. कॉरिनच्या शॉटच्या वेळचा तो आवाज, खोल कुठूनतरी आलेला, शब्दन् शब्द. हॅस्लमनं त्यातलं काही टाकलं नव्हतं. फक्त ज्या तोंडातून तो आला ते तोंड कुठं नव्हतं. तिचा स्वतःचा चेहरा एकदाही आला नाही. थेटरभर लोक नाकं ओढत होते. पलीकडच्या खुर्चीतली बाई विल्माकडं वळली, डोळे पुसत म्हणाली, "कशी करते हो ही पोरगी. न बोलता."

"हो ना," विल्मा म्हणाली.

"चल, उठ," बर्निस म्हणाली. "निघू."

"थांब. ते नाव येईल शेवटी."

नाव आलं. वाचायच्या आत गेलं.

त्या वर्षी मोठ्या बक्षिसासाठी कॉरिनचं नाव झळकलं. पेपरात लिहून आलं की या मुलीला ऐकता येतं, पडद्यावर ऐकता येणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. बर्निसनं तो पेपर बटाट्याच्या सालींखाली घातला.

वसंतात एजंटचा फोन आला. लू फेनस्टर कधी आपणहून फोन करत नसे.

"विल्मा, काम आहे. कॉरिन वेलच्या नव्या सिनेमात. तिनंच तुझं नाव घेतलं, हट्टच धरला म्हण ना."

"भूमिका काय आहे?"

लू जरा खाकरला. "तशी भूमिका नाही. सासूबिसू कुणी नाहीये यात. तिला तू बाजूला हवी आहेस. तिचे क्लोज-अप असतील तेव्हा समोर उभं राहायचं, वाक्यं द्यायची. म्हणते दुसऱ्या कुणाकडं बघून तिला रडू येत नाही. पैसे बरे देतायत गं. दहा आठवडे."

"पडद्यावर कुठंच नाही?"

"मी विचारलं त्यांना. खोटं कशाला सांगू, विचारलं मी."

आत बर्निस कपबश्या विसळत होती. नळाचा आवाज येत होता. तो बंद झाला की ती बाहेर येणार, विचारणार कुणाचा फोन, आणि हो की नाही ते तोंडावर ओळखणार. विल्मानं फोन तोंडाशी घट्ट धरला.

"हो सांग," ती घाईघाईनं म्हणाली. "आत्ताच सांग त्यांना."