नावाची काकडी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही. पेटी झाकून ठेवलीय, झांजा फडक्यात बांधल्यात. आज नुसत्या तोंडानं सांगायचं. पहिलं नाव देवाचं. दुसरं केतुराचं.

तर एका शुक्रवारी दुपारी केतुरा नवगावकरचा नवरा हनोख लिंबं घेऊन घरी आला, तेव्हा तो डोक्यापासून टाचेपर्यंत उभा चिरलेला होता. पडला नव्हता की विखुरला नव्हता. आपल्या पायांनी जिने चढून आला, लिंबांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "अगं, आज जरा सैल सैल वाटतंय."

काकडी चोचवताना पाहिलीय ना तुम्ही? काकडी मुठीत उभी धरायची आणि सुरीनं वरून खोल, उभे घाव घालत जायचं, अगदी जवळजवळ. मूठ घट्ट आहे तोवर ती अख्खीच दिसते. मग सुरी एकदा आडवी फिरवली, की तेवढा थर भुरभुर वाडग्यात पडतो. हनोख त्या आडव्या सुरीच्या अलीकडे उभा होता. सदरा चिरलेला, चष्मा चिरलेला, कपाळ चिरलेलं. रक्त कुठेच नाही. रेघांच्या आत काहीतरी फिकट, ओलसर, पोपटी.

केतुरानं त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या मुठीतल्या काकडीकडे. रेघा त्याच होत्या.

हे कुठे झालं, तर दिमोनात. इस्रायलच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या काठावरचं गाव. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडून गेलेली आपली बेने इस्राएल माणसं तिथे पुष्कळ. तिकडे सॅलडवाचून जेवण होत नाही. काकडी, टोमॅटो, कांदा, भोपळी मिरची, पार्सली. वर लिंबू, मीठ, ऑलिव्हचं तेल. तुकडा जितका बारीक तितकी बाई सुगरण. बाकीच्या बायका पाटावर चिरतात, आपल्या हातातच चोचवतात. केतुराच्या सासूबाई, सिगुलाबाई, म्हणायच्या, "ही आपली कोशिंबीरच. आपल्या धर्मात मटणाच्या पंगतीत दही चालत नाही म्हणून बिचारी बिनदह्याची राहिली."

सिगुलाबाई म्हणजे कीर्तन. अब्राहामाचं आख्यान लावलं, तर हिब्रूखेरीज काही न कळणारी पोरंसुद्धा डोळे पुसत घरी जायची. आणि त्या दिवशी त्यांच्या यजमानांचा, म्हणजे हनोखच्या वडिलांचा, आठवणीचा दिवस होता. त्या घरची रीत अशी, की आठवणीच्या जेवणातली पहिली काकडी गेलेल्या माणसाच्या नावाची. सुरी तिच्यात टेकवायची, नाव घ्यायचं, मग चिरायची. आता नाव घेणार कोण? सिगुलाबाई नवऱ्याचं घेत नाहीत. केतुरा सासऱ्याचं घेत नाही. म्हणून दरसाल हनोख स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बापाचं नाव घ्यायचा, आणि दोघी माना खाली घालून ऐकायच्या.

यंदा तो लिंबं आणायला गेला तो खाली गल्लीत गप्पा मारत उभा राहिला. केतुरा सुरी काकडीला टेकवून थांबलेली. ऊन कलायला लागलेलं. आणि सूर्य बुडून शब्बाथ, विसाव्याचा दिवस, घरात आला की सुरीला हात लावायचा नाही. तिनं खिडकीतून हाक मारली, "अहो." पुन्हा मारली, "अहो, ऐकलंत का?"

खालच्या मजल्यावरची दीना तिथेच पार्सली निवडत बसली होती. तिचा जन्म तिकडचाच. ती म्हणाली, "वहिनी, गल्लीत निम्मे पुरुष 'अहो' आहेत. सगळे वर बघतायत, तुझा सोडून. नाव घे की. खाणार नाही तो तुला."

"आजवर घेतलं नाही."

"मग लग्नात उखाणा कोणाच्या नावानं घेतलास? लिंबवाल्याच्या?"

सिगुलाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. आणि केतुराच्या तोंडून चिडून निघून गेलं, "हनोख, वर या."

स्वतःचाच आवाज ऐकून ती जागच्या जागी थिजली. मान खिडकीबाहेर, जीभ टाळूला. हात मात्र सवयीचे. नाव ऐकलं आणि ते चालू लागले. तिनं मान आत घेतली तोवर काकडी चोचवून झाली होती. सुरी शेवटच्या घावात तशीच रुतलेली होती.

एवढंच झालं होतं. आणि आता हनोख ओट्याजवळ उभा होता.

केतुराची मूठ नकळत जराशी सैल पडली, तर त्याचे खांदे फणीच्या दातांसारखे उकलले. तिनं मूठ आवळली, तो पुन्हा मिटला.

"हां, आता बरं वाटलं," हनोख म्हणाला.

"दुखतंय का?"

"दुखत नाही. वारा आतून जातो."

त्याच्या पायांखाली पाणी साचलं होतं. दारापासून ओट्यापर्यंत ओली पावलं उमटली होती आणि प्रत्येक पावलात पांढऱ्या, चपट्या बिया होत्या.

"त्याला घाम आलाय," दीना हळूच म्हणाली. "घाम खारट. मीठ लागलं की पाणी सुटतं." तिनं पदार्थाला वारा घालावा तसा त्याला वर्तमानपत्रानं वारा घातला. तो पानापानांनी हलायला लागला, तेव्हा थांबली.

"ती काकडी टाकून दे," तिनं सुचवलं.

"नावाची काकडी टाकत नाहीत," सिगुलाबाई म्हणाल्या.

"मग फ्रिजमध्ये ठेव." दीनानं फ्रिज उघडून केतुराची मूठ मनगटापर्यंत आत सरकवली. हनोखचे दात वाजू लागले, प्रत्येक दात वेगवेगळा. तिनं दार लावून घेतलं.

मग सिगुलाबाईंनी आपलं कीर्तनाचं लुगडं आणलं, जांभळं, जरीचं, आणि मुलाला खांद्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं. बाळंत्यात तान्हं गुंडाळतात तसं. "याच काकडीवर वडिलांचं नाव घे रे," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याला जाऊ दे. तू मोकळा होशील."

हनोखनं तोंड उघडलं. नाव आलं, पण उभं चिरून आलं. सगळी अक्षरं एकाच वेळी, बारीक बारीक आवाजांत, शेजारी शेजारी उभी. त्यांचं नाव होईना. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. लुगड्याखालून पाणी ठिबकलं.

"मावशी, मग तुम्ही घ्या," दीना म्हणाली.

सिगुलाबाईंनी काकडीवर हात ठेवला, डोळे मिटले. जन्मभर त्यांच्या तोंडून अब्राहाम गेला, मोशे गेला, एस्तेर राणी गेली, सगळे संदेष्टे दिंडीनं गेल्यासारखे गेले. त्यांचा जबडा हलला, ओठ हलले, गळ्याची शीर फुगली. मग त्यांनी डोळे उघडले. एवढी घाबरलेली म्हातारी आजवर कोणी पाहिली नसेल.

"नाही गं सापडत," त्या म्हणाल्या. "कधी वापरलंच नाही. जागेवर नाहीये."

तेवढ्यात पाहुणे येऊ लागले. स्वयंपाकघराकडे येणारा बोळ अरुंद होता, तो आणखी अरुंद झाला, आणि सगळे एकामागे एक, हातात आपापला चमचा घेऊन, दारापर्यंत दाटले. कोणाला काही वावगं वाटलं नाही. पहिला म्हणाला, "हनोखभाऊ, आज उभे चिरलात वाटतं." त्याच्या मागचा म्हणाला, "सुरी चांगली असणार. रेघ कशी सरळ आहे."

आणि पश्चिमेचं ऊन खिडकीच्या पट्ट्यांतून आत आलं.

तिकडे खिडकीला गुंडाळायचं झडप असतं, आडव्या पट्ट्यांचं. ते अर्धं खाली होतं. पट्ट्यांमधून उन्हाच्या आडव्या रेघा जमिनीवर पडल्या, सरकत ओट्यावर चढल्या. पहिली रेघ पार्सलीच्या जुडीवरून गेली आणि जुडी बारीक चिरून पडली. दुसरी टोमॅटोंवरून गेली. मग कांदा, मग भोपळी मिरची. कोणी हात लावला नव्हता. तुकडे एकसारखे, डाळिंबाच्या दाण्याएवढे, आपोआप वाडग्यात घरंगळले.

"झालं की सॅलड," बोळातून कोणीतरी म्हणालं. "काकडी तेवढी राहिली."

दीना झडप पाडायला धावली. तिनं पट्टा ओढला आणि तो तुटून तिच्या हातात आला. "वहिनी, गेल्या थंडीपासून सांगतेय, हा बदलून घे," ती म्हणाली. पट्टा हातात धरून ती खाली बसली. खिडकी मगाशी ओट्याएवढी होती. आता त्या बाजूला भिंत उरली नव्हती, पट्ट्याच होत्या. इकडे बोळ, तिकडे ऊन, मध्ये हनोखला उभं राहण्यापुरती एक फरशी.

केतुरा त्याच्यासमोर गेली आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. ऊन तिच्या पाठीला लागलं, चुलीसमोर बसल्यावर लागतं तसं, आणि तिथेच थांबलं. तिच्या पाठीची सावली हनोखवर पडली. फक्त ती त्याच्याहून वीतभर बुटकी होती. एक रेघ तिच्या डोक्यावरून गेली. हनोखचे केस भुरभुर तिच्या खांद्यावर पडले, सगळे एका मापाचे.

तेव्हा तिनं दुसरी रीतही मोडली. उजवा हात सुरीच्या मुठीवर, डावा काकडीभोवती, आणि ती म्हणाली, "एलियाजर."

बोळातून सपातांचा आवाज आला. पाहुणे भिंतीला चिकटले, आणि त्यांच्यामधून म्हातारा आत आला. पांढरे कपडे, दाढी विंचरलेली. अंगावर एकही रेघ नव्हती. तो मेजाच्या वरच्या अंगाला, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला. सिगुलाबाईंनी मान वर न करता त्याच्यापुढे ताटली ठेवली, शेजारी चमचा ठेवला. हात सवयीचे.

"सॅलड माझ्या नावाचं ना?" म्हातारा म्हणाला. "आणा की. ऊन चाललंय."

"मामंजी," केतुरा म्हणाली, "तुमचा मुलगा यात आहे."

म्हाताऱ्यानं हनोखकडे पाहिलं. लुगड्यात गुंडाळलेला, वरून बोडका झालेला. "मोठा दिसतो," तो म्हणाला. "माझ्या आठवणीत लहान होता." आणि चमचा मेजावर हळूहळू वाजवू लागला.

बोळातल्या चमच्यांनी तोच ठेका धरला. झांजांसारखाच. सिगुलाबाईंना ठेका ऐकून गप्प बसणं कधी जमलंच नाही. रडत रडत त्यांनी धृपद उचललं:

जोडणाऱ्यानं जोडलं, तोडणारा दाराशी,
मधल्या माणसा, धरलंस काय उराशी?

ऊन खाली सरकत होतं. केतुराची बोटं पांढरी पडली होती, काकडीचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. सूर्य बुडेपर्यंत उभं राहायचं, बस. शब्बाथ आत आला की सुरी थांबते, ऊनही थांबतं. तिनं मनात देवाला सांगितलं, इतकी वर्षं तुझ्यासाठी सुरी खाली ठेवत आले, आज तू ठेव.

"हात दुखला असेल तुझा," हनोख म्हणाला. आता त्याचे आवाज बारीक, पुष्कळ होते, पण सगळे तेच म्हणत होते. "सोड."

"नाही सोडत."

"बाबा थांबलेत."

"थांबू देत. मी तुमची बायको आहे, त्यांची वाढपी नाही."

तो हसला. हसताना ओठांपासून कानांपर्यंत सगळ्या रेघा हलल्या. खाली गल्लीत शब्बाथच्या दिव्यांसाठी कोणीतरी काडी ओढली. थोडंच उरलं होतं. हनोख वाकला, लुगड्याआडून जेवढं वाकता येईल तेवढं, आणि लग्न झाल्यापासून 'अगं'पलीकडे न गेलेला तो माणूस म्हणाला, "केतुरा."

बापाचं नाव त्याला घेता आलं नव्हतं. हे अख्खं आलं. एकाही अक्षराला चीर नव्हती. तिनं आपलं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि तिला इतकं बरं वाटलं, की क्षणभर ती उन्हाला विसरली.

सुरी काकडीतच रुतलेली होती.

तिनं खाली पाहिलं. डाव्या मनगटावर एक बारीक उभी रेघ उमटली होती. तिच्या शेजारी दुसरी. मुठीवर तिसरी. मागून पाठीला नुसतं लागणारं ऊन आता आत येऊ लागलं होतं, थंडगार, वाऱ्यासारखं. म्हाताऱ्यानं ताटली जराशी पुढे सरकवली. केतुरानं चिरलेल्या हातानं मूठ आवळली.

मायबापहो, काकडी हातात घ्याल तेव्हा तिची आठवण ठेवा. ती मूठ अजून उघडलेली नाही. नाव घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. फक्त आधी सुरी खाली ठेवा.