कोरे पिस्तूल आणि चार गोळ्या

सैन्यातील शिपायांना देण्यात येते त्याच घडणीचे, परंतु तुमच्याआमच्यासारख्या नागरिकांस विकण्याकरिता काढलेले पिस्तूल संग्रहात ठेवण्याच्या दृष्टीने घेण्यायोग्य आहे किंवा नाही, या प्रश्नावर लार्च फोर्क या आमच्या डोंगरी गावातील बर्डेटच्या बंदुकीच्या दुकानात ओळीने तीन शनिवार चर्चा झाली. या चर्चेत आम्ही तिघे होतो. काचेच्या कपाटामागे दुकानाचा मालक बर्डेट, स्टोव्हजवळच्या खुर्चीत सैन्यात बावीस वर्षे काढलेला थर्मन ओक्स, आणि लाकडाच्या गिरणीत एकतीस वर्षे करवत चालवून निवृत्त झालेला मी, एल्डन श्रायव्हर.

पिस्तूल वाळूच्या रंगाचे होते. त्याच्यासोबत लाकडी पेटी, सोनेरी कडा असलेले प्रमाणपत्र आणि कुलूप येत असे. किंमत अकराशे डॉलर. मी पहिल्याच शनिवारी त्याच्या मोहात पडलो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

"पाच हजारच काढलीत," बर्डेट म्हणाला. "दहा वर्षं कपाटात ठेव. किंमत दुप्पट झाली नाही तर माझं नाव बदल."

"तुझं नाव आतापर्यंत सहा वेळा बदलायला हवं होतं," थर्मन म्हणाला. "एल्डन, लेका, मी असलं पिस्तूल बावीस वर्षं कमरेला वागवलंय. घट्टा पडला तिथं. सरकार जे पोत्यानं वाटतं ते दुर्मीळ कसं होईल?"

"हे सरकारी नाहीये. सरकारीसारखं आहे," बर्डेटने स्पष्ट केले.

"म्हणजे जावयासारखा दिसणारा माणूस. म्हणून काय त्याला मुलगी द्यायची?"

आता या व्यवहाराचे जे शास्त्र आहे, ते थोडक्यात सांगणे भाग आहे. असे पिस्तूल कोरे असेल, म्हणजे मालकाने त्यातून एकही गोळी झाडलेली नसेल, तरच संग्राहक त्याला मान देतात. एक गोळी झाडली, की ते इतर हजार पिस्तुलांसारखे एक पिस्तूल होते. मात्र कारखान्यात तपासणीसाठी दोन-तीन गोळ्या झाडूनच माल बाहेर येत असल्यामुळे, नळीत कितीही डोकावले तरी ते कोरे आहे की नाही याचा निर्णय होत नाही. ("दोनदा पोहून आला, पण पाण्याला शिवला नाही म्हणायचं," असे थर्मन म्हणतो.) तस्मात् हा सारा व्यवहार मालकाच्या शब्दावर चालतो, आणि या बाबतीत खोटे बोलणाऱ्यास आमच्याकडे कोणी कॉफीसुद्धा विचारीत नाही.

माझ्याजवळ आठशे डॉलर होते. उरलेले तीनशे माझी पत्नी आर्डिथ हिच्या पिठाच्या डब्यात होते, आणि ते तिने विजेच्या कुंपणासाठी साठविले होते. आमच्या घरामागे, जंगलाच्या कडेला, तिच्या मधमाश्यांच्या सात पेट्या आहेत. तिच्या मधाला जिल्ह्याच्या जत्रेत दोनदा पहिले बक्षीस मिळाले आहे. आमच्या डोंगरात अस्वले पुष्कळ, आणि अस्वलाला मधाची पेटी म्हणजे काय ते कोणास सांगावयास नको.

मी योग्य शब्दांत विषय काढला. ती बटाटे सोलीत होती.

"म्हणजे कुंपणाऐवजी पिस्तूल," ती म्हणाली.

"पिस्तुलाने संरक्षणही होते."

"छापल्यासारखं बोलू नकोस. अस्वल आलं तर गोळी उडवशील? त्याच्यावर नाही, त्याच्या पुढ्यातल्या मातीत. आवाज झाला पाहिजे."

"उडवीन."

"शपथ?"

"शपथ."

"आईची घे. माझ्या नको, तुझ्या."

मी शपथ घेतली. दोन वर्षांत एकही अस्वल आमच्या आवारात आले नव्हते, या गोष्टीवर माझा भरवसा होता. आर्डिथने पन्नास काडतुसांचा खोका स्वतः विकत आणला आणि स्वयंपाकघरात साखरेच्या बरणीशेजारी ठेवला. मी पिस्तूल घरी आणले, आणि त्याला घामाचा डाग पडू नये म्हणून दोन जोड पांढरे सुती हातमोजेही आणले.

सप्टेंबरातील एका रविवारी आर्डिथ चर्चला गेली होती आणि मी गुडघ्याच्या दुखण्यामुळे घरी होतो. सकाळचे दहा वाजले असतील. मागील बाजूस लाकूड मोडल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहतो तो एक थोराड काळे अस्वल गवतात बैठक मारून, आर्डिथच्या पेटीतील पोळ्याची चौकट दोन्ही पंजांत धरून, भाजलेले कणीस खावे तसे मध खात होते.

मी हातमोजे घातले. पिस्तूल भरले. मागच्या पायरीवर उभा राहून त्याच्या पुढ्यातील मातीवर नेम धरला. माझे बोट चापावर होते. त्या क्षणी माझ्या मनात आले की, अस्वल तर दरवर्षी नवे जन्मते, परंतु कोरे पिस्तूल एकदा गेले की परत येत नाही.

मी पिस्तूल रिकामे केले, पेटीत ठेवले, आणि धूळ जाऊ नये म्हणून झाकण लावले. नंतर मी तवा आणि डाव घेऊन बडविले. अस्वलाने माझ्याकडे पाहिले व दुसरी पेटी उघडली. मी कपडे वाळत घालण्याची काठी फिरविली. बागेची नळी सोडली. पाणी त्याच्यापर्यंत पोहोचले, आणि दिवस उष्ण असल्यामुळे ते त्याला आवडले असावे. अखेरीस मी मोठ्या आवाजात त्यास उद्देशून काही शब्द उच्चारले, जे रविवारी उच्चारू नयेत. दोन पेट्या संपवून ते आपल्या सवडीने निघून गेले.

आर्डिथ आली. त्या मोडक्या पेट्यांपाशी गेली. मग तिने विचारले, "उडवलंस?"

"हो," मी म्हणालो.

"किती?"

"चार."

चारच का म्हणालो, हे मला आजतागायत उमगलेले नाही. ती वळताच मी घरात जाऊन खोक्यातील चार काडतुसे काढली आणि परसातील रूबार्ब नावाच्या भाजीच्या वाफ्यात पुरली. पुरून उठतो तोच ती माझ्यासमोर आली, आणि तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तू होतास म्हणून पाच वाचल्या रे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

संध्याकाळी तिने माझ्यासाठी पीच घालून केक केला. मी दोन तुकडे खाल्ले.  पुढील आठवडाभर ती ज्याला त्याला सांगत होती. चर्चमधील पाद्रीसाहेबांनी माझा हात हलविला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बर्डेटचा फोन आला.

"पिट्सबर्गचे एक गृहस्थ आहेत, मिस्टर लॉकरिज. ह्या पाच हजारांतली पिस्तुलं गोळा करतायत. तुझ्या नंबराचं त्यांना हवंय. सतराशे देतायत. कोरं असेल तर."

सतराशे! त्यात कुंपण होते, दोन नव्या पेट्या होत्या, मधमाश्यांची दोन नवी कुटुंबे होती, आणि अपराधी मनासाठी थोडीफार शांतीही होती. सारे फेडून टाकावे आणि पुन्हा कधी खोटे बोलू नये, असा निश्चय करून मी शनिवारी निघालो. पिस्तुलाची पेटी मी आधीच गाडीत ठेवली होती. आर्डिथला सांगितले, कॉफीला जातो. ती म्हणाली, "थांब, मी पण येते. बर्डेटच्या दुकानात मधाच्या बाटल्या ठेवायच्यात." आणि ती बाटल्यांचे खोके मांडीवर घेऊन शेजारी बसली. मी गाडी सुरू केली.

मिस्टर लॉकरिज हे उंच, कृश आणि अतिशय नीटनेटके गृहस्थ होते. त्यांचे हातमोजे माझ्या मोज्यांहून चांगले होते. आर्डिथ दाराजवळच्या फळीवर बाटल्या लावीत होती, तोवर त्यांनी भिंगातून नंबर पाहिला, प्रमाणपत्र उजेडात धरले, पेटीची बिजागरीसुद्धा वास घेऊन तपासली.

"सुरेख," ते म्हणाले. "आता एकच. तुमच्या तोंडून ऐकायचंय, आपल्यात रिवाज आहे म्हणून. कोरं आहे ना?"

माझे तोंड उघडले, परंतु आवाज आर्डिथचा आला.

"कोरं कुठलं? अहो, चार गोळ्या झाडल्यात त्यातून यानं! अस्वल होतं हे एवढं. माझ्या पाच पेट्या वाचवल्या. सांग ना एल्डन, लाजतोस काय!"

 थर्मनने कॉफीचा कप खाली ठेवला. मिस्टर लॉकरिज हातमोज्याचे एकेक बोट सोडवू लागले. आर्डिथ माझ्याकडे पाहत होती, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर तिने माझ्याकडे इतक्या अभिमानाने पाहिल्याचे मला आठवत नाही.

मी गप्प बसलो असतो तर तो अभिमान माझा होता. केवळ सौदा गेला असता. परंतु बर्डेट माझ्याकडे पाहत होता, आणि त्याने त्या गृहस्थांस माझ्या वतीने शब्द दिलेला होता.

"एकही नाही," मी म्हणालो.

"काय एकही नाही?" आर्डिथने विचारले.

"गोळी. मी झाडलीच नाही. पिस्तूल कोरं आहे."

मिस्टर लॉकरिज हसले, परंतु ते हसणे चांगले नव्हते. "बायकोपुढे चार आणि गिऱ्हाइकापुढे शून्य. सतराशे डॉलर दिसले की झाडलेल्या गोळ्या नळीत परत येतात, हे आज पहिल्यांदा बघतोय."

"देवाशप्पथ सांगतो. चारही रूबार्बच्या वाफ्यात पुरल्यात."

"अस्वलानं पुरल्या का?" थर्मनने विचारले.

मी आयुष्यात इतके निखळ सत्य क्वचित बोललो असेन, आणि त्या दुकानात त्यावर एकाच व्यक्तीचा विश्वास बसला. ती व्यक्ती आर्डिथ होती. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला.

"खरं बोलतोय हा," ती हळूच म्हणाली. "कानाच्या पाळ्या बघा त्याच्या. खोटं बोलताना पांढऱ्या पडतात. आता लाल आहेत." मग ती मिस्टर लॉकरिज यांच्याकडे वळली. "घ्या तुम्ही. कोरंच आहे. मी सांगते."

"बाई, आत्ताच तुम्ही चार म्हणालात."

"मला खरं आत्ताच कळलं!"

"तुमचं खरं असेलही," ते हातमोजे खिशात ठेवीत म्हणाले. "पण उद्या मी विकायला गेलो की मला हे अस्वल पण सांगावं लागेल." आणि त्यांनी सर्वांस नमस्कार केला व ते निघून गेले. त्यांचे बोलणे न्याय्य होते, हे मला मान्य करावे लागते.

आर्डिथ ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने बर्डेटला विचारले, "मागचं नेमबाजीचं मैदान मोकळं आहे?"

"आहे की."

"मग चार काडतुसं दे. पैसे हा देईल."

दुकानामागे मातीचा उंच बांध आहे, तेथे लोक नेम धरतात. ती मला बाहीला धरून तेथे घेऊन गेली. बर्डेट आणि थर्मन आपापली कॉफी घेऊन मागोमाग आले.

"झाड," ती म्हणाली.

"आर्डिथ, ऐक. अजून ते कोरं आहे. दुसरं कुणी गिऱ्हाईक..."

"माझ्या दोन पेट्या गेल्या, त्या खऱ्या गेल्या. निदान तुझ्या गोळ्या तरी खऱ्या होऊ देत. आणि ते मोजे काढ. लग्नाला निघालायस का?"

मी मोजे काढले. पहिली गोळी झाडली. बांधावरून माती उडाली.

"गेला सहाशेचा नफा," बर्डेट हळहळला.

दुसरी झाडली. तिसरी झाडताना मला असे आढळून आले की, पिस्तूल हातात चांगले बसते. आणि ही गोष्ट मला इतक्या दिवसांत ठाऊक नव्हती. चौथीच्या आधी मी पिस्तूल आर्डिथपुढे केले, काहीतरी भरपाई व्हावी म्हणून.

"मी नाही," ती म्हणाली. "चार तू सांगितल्यास."

चौथीही मीच झाडली.

"आता किती देशील?" आर्डिथने बर्डेटला विचारले.

"वापरलेलं म्हणून सातशे. फार तर सातशे वीस."

"मी आठशे देतो," थर्मन म्हणाला. आम्ही सारे त्याच्याकडे पाहू लागलो. "काय बघताय? कपाटातलं असतं तर हातसुद्धा लावला नसता. आता कुठं ते पिस्तूल झालं. आणि खरं सांगू? कंबर रिकामी रिकामी वाटते हल्ली."

व्यवहाराचे कागद बर्डेटने तेथेच भरले. आठशेपैकी तीनशे आर्डिथने कुंपणासाठी वेगळे काढले, दोनशे नव्या पेट्यांसाठी काढले, आणि उरलेले माझ्या हातात दिले. मी ते परत तिच्या हातात दिले. तिने ते ठेवून घेतले.

परतताना ओढ्यावरचा पूल ओलांडल्यावर मी म्हणालो, "मी उद्या चर्चमध्ये सर्वांस खरे ते सांगेन."

"कशाला? मी सगळ्यांना चार गोळ्या झाडल्यात म्हणून सांगितलंय, आणि त्या झाडल्यास," ती म्हणाली. "अस्वल तेवढं हजर नव्हतं. पण ते कुणी विचारलेलं नाही."