हिरव्या झाकणाखालच्या आज्या

धाकटी गेली तीन वर्षं पीएच.डी.साठी एकाच प्रश्नाला चिकटून होती. आईला तिने तो असा समजावला होता, "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो ना? पण आजीचं तोंड पोळलं, तर नात फुंकून पिईल का?"

"तू माझं ऐकत नाहीस, आजीचं काय घेऊन बसलीस?" आई म्हणाली.

प्रयोग पिठातल्या तांबड्या किड्यांवर होता. लाल झाकणाच्या पेटीतल्या आज्यांना रोज अर्धा तास गरम कपाटात चटका, हिरव्या पेटीतल्या आज्यांना नुसता आराम. चटक्याने जनुकं बदलत नाहीत, त्यांच्यावर खुणा तेवढ्या पडतात. त्या नातवंडांपर्यंत पोचतात का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी नातवंडं तापल्या नळीत सोडायची आणि कोण किती वेळात उताणं पडतं ते मोजायचं. लाल नातवंडं टिकली. धाकटी खूश. मग हिरवी सोडली, तर तीही टिकली! एक पठ्ठ्या पडायला तयार नाही.

"सगळ्याची माती केलीस," तिचे मार्गदर्शक सर कडाडले. "पंधरा दिवसांत समिती बसणार आणि तुलनेला तुझ्याकडे एक साधा किडा नाही! कर आता पुन्हा पहिल्यापासून."

आणखी तीन वर्षं! धाकटीला रडूच कोसळलं. डोळे पुसत तिने हिरवी पेटी उचलली, तर झाकणावर तेलाचा गोल डाग. वास घेतला. चक्क लसूण! आणि प्रयोगशाळेच्या दारावर तर सरांच्याच अक्षरात पाटी होती, 'आत खाण्यास सक्त मनाई'.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला ती आणि प्रयोगशाळेतले शिपाईमामा फ्रिजमागे दडले. मामांचं पोट बाहेर राहिलं, त्याला इलाज नव्हता. दार हळूच उघडलं. सर! त्यांनी काचेची भांडी वाळवायच्या ओव्हनमधून आपला तापलेला जेवणाचा डबा काढला, हिरव्या झाकणावर ठेवला आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एकेक घास बत्तीस वेळा चावत निवांत जेवू लागले.

"सर!"

"मी... झाकण तपासत होतो."

"तीन वर्षं?"

"अगं, स्टाफरूममध्ये सगळे माझ्या डब्यावर तुटून पडतात," सर रडवेले झाले.

"म्हणून माझ्या आज्या शिजवल्यात?" धाकटी भडकली.

मामा खाकरले. "ओरडणार नसशील तर सांगतो. जास्तीचे किडे उकळत्या पाण्यात टाकायला तू मला द्यायचीस ना, ते काही मला जमलं नाही. जीव आहे तो. अगदी पहिल्या आठवड्यातले हिरवे किडे अजून कोठीत आहेत, पाण्याच्या पिंपाशेजारी, बरणीत. लेकुरवाळे झालेत."

त्या बरणीतली नातवंडं नळीत चार मिनिटांत धडाधड उताणी पडली. धाकटी आनंदाने नाचली.

समितीपुढे सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी एका बाईंनी चष्मा सावरला. "हिरव्या गटाला उष्णता कुठून मिळाली? इथे नुसतं 'अपघाताने' लिहिलंय."

धाकटीने सरांकडे बघितलं. खरं सांगावं तर सर बुडणार, न सांगावं तर पदवी. तेवढ्यात सरच उठले.

"माझ्या डब्यामुळे."

"आणि हे तुमच्या तीन वर्षं लक्षात आलं नाही?"

"येणार कसं? आत कुणी खात नाही, अशी माझी खात्री होती. पाटी मीच लावली होती."